उरलेली गाडी कुठे गेली?

विमानात समोरच्या सीटच्या खिशात एक कागदी पिशवी असते. मळमळलं तर उघडायची. बाकी वेळी तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. १९६६ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या एका फ्लाइटमध्ये रिचर्ड टीग नावाच्या गृहस्थांनी ती बाहेर काढली आणि तिच्यावर चक्क एका गाडीचं चित्र काढलं. पुढे लांबलचक बॉनेट आणि मागे... मागे काहीच नाही. कुणीतरी सुरीने केक कापावा तशी गाडी मागच्या चाकापाशी सपकन कापलेली!

हे टीग म्हणजे अमेरिकन मोटर्स कॉर्पोरेशन, थोडक्यात एएमसी, या कंपनीचे मुख्य डिझायनर. चार वर्षांनी ती गाडी खरंच रस्त्यावर आली. तारीख होती १ एप्रिल १९७०. हो, एप्रिल फूलच! नाव काय ठेवलं? 'ग्रेमलिन'. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पायलट विमान बिघडलं की त्याचं खापर ज्या काल्पनिक खोडकर भुताच्या माथी मारायचे, तो ग्रेमलिन. म्हणजे बिघाड करणाऱ्या भुताचं नाव नव्याकोऱ्या गाडीला! असा सेन्स ऑफ ह्यूमर असलेली कार कंपनी मी तरी दुसरी बघितलेली नाही. बेसिक मॉडेल १,८७९ डॉलरला. त्यात मागची सीटसुद्धा नव्हती, ती हवी तर जास्त पैसे मोजा. 'उरलेली गाडी कुठे ठेवलीस?' हा ग्रेमलिनवाल्याला हमखास ऐकावा लागणारा जोक.

आता सांगते, ती कापाकापी का झाली. एएमसीची 'हॉर्नेट' नावाची एक साधीसरळ गाडी होती. नवीन छोटी गाडी पहिल्यापासून बनवायला पैसे नव्हते. मग हॉर्नेटच्याच दोन चाकांमधलं अंतर १०८ इंचांवरून ९६ वर आणलं, मागचा भाग उडवला आणि झाली नवी गाडी तयार! फोर्डची पिंटो आणि शेवरोलेची व्हेगा याच वर्षी सप्टेंबरमध्ये आल्या. तोवर ग्रेमलिन पाच महिने रस्त्यावर फिरत होती. जुगाड हा शब्द विस्कॉन्सिनमध्ये माहीत नव्हता, पण फंडा तोच.

या कंपनीची कुंडली थोडक्यात. १९५४ मध्ये नॅश-केल्विनेटर आणि हडसन या दोन कंपन्या एकत्र आल्या आणि एएमसी जन्मली. केल्विनेटर हे नाव वाचून ज्यांना आजीच्या घरचा फ्रिज आठवला, त्यांना बरोबरच आठवलं. ब्रँड तोच. हा फ्रिजचा धंदा एएमसीने १९६८ मध्ये विकून टाकला. मुख्य कारखाना केनोशा या विस्कॉन्सिनमधल्या गावात, मिशिगन लेकच्या काठी. समोर कोण? जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायसलर. 'बिग थ्री' म्हणायचे त्यांना. आणि चौथी ही.

चौथ्या नंबरच्या कंपनीत काम केलंय कधी तुम्ही? मी केलंय. फ्रीलान्सिंगच्या आधी दोन वर्षं एका छोट्या एजन्सीत होते. मोठ्या क्लायंटकडून सगळ्या व्हेंडरना एकच फॉर्म यायचा. डेटा कुठे ठेवता, आग लागली तर काय कराल, असे पन्नास-साठ पानांचे प्रश्न. मोठ्या एजन्सीत त्यासाठी आख्खं डिपार्टमेंट. आमच्याकडे मी आणि आमचे अकाउंटंट काका. "अगं, फॉर्म सगळ्यांना सारखाच आहे, आपल्यावर काही अन्याय नाही," काका म्हणायचे आणि रात्री साडेनऊला दुसरा चहा मागवायचे. एएमसीची सत्तरच्या दशकातली कहाणी मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा मला काकांचा हा डायलॉग आठवला. कारण तिकडेही फॉर्म सगळ्यांना सारखाच होता.

तो फॉर्म आला धुरातून. लॉस एंजेलिस हे शहर एका खोलगट भांड्यात वसलंय म्हणा ना. तीन बाजूंना डोंगर, वर रणरणतं ऊन आणि रस्त्यावर गाड्याच गाड्या. जुलै १९४३ मध्ये तिथे एक दिवस इतका झोंबणारा धूर साचला, की जपानने गॅस सोडला अशी अफवा पसरली. पुढे कॅलटेकमधल्या आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या शास्त्रज्ञाने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला याचं मूळ शोधलं. हा माणूस आधी अननसाच्या स्वादावर संशोधन करत होता, हे मला जाम आवडतं. त्याने दाखवलं की गाड्यांमधून न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स बाहेर पडतात, त्यांच्यावर ऊन पडलं की रासायनिक क्रिया होते आणि ओझोन तयार होतो. डोळे झोंबतात, छाती भरून येते, टायरच्या रबराला भेगा पडतात. हा स्मॉग. हा नुसता चुलीचा किंवा कारखान्याच्या धुराड्याचा धूर नव्हता. मोठा दोषी होता प्रत्येकाच्या दारात उभा असलेला लाडका डबा.

१९७० च्या अखेरीस अमेरिकेत 'क्लीन एअर अॅक्ट' आला. न जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड १९७५ पर्यंत ९० टक्क्यांनी कमी करा, असा आदेश. नव्वद! वाहन कंपन्यांनी आरडाओरडा केला, मुदती पुढे ढकलल्या गेल्या, पण दिशा ठरली.

आता थोडं टेक्निकल. कंटाळू नका, मजेशीर आहे. इंजिनात पेट्रोल पुरेपूर जाळायचं तर आग जास्त गरम हवी. पण आग गरम झाली की नायट्रोजनची ऑक्साइड्स वाढतात. म्हणजे एक दाबलं की दुसरं वर येतं. मग काय काय केलं? इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी केलं. ठिणगी थोडी उशिरा पाडली. पट्ट्यावर फिरणारा एक पंप लावून सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ताजी हवा सोडली, म्हणजे उरलंसुरलं पेट्रोल तिथे जळेल. थोडा धूर परत इंजिनात पाठवला, म्हणजे आग थंड राहील. हे सगळं सांभाळायला इंजिनावर रबरी नळ्यांचं असं जाळं, की बॉनेट उघडलं की वाटावं, कुणीतरी काळ्या नूडल्स सांडल्यात. त्या काळच्या गाड्या सकाळी सुरू व्हायला कुरकुरायच्या, सिग्नलला गचके देऊन बंद पडायच्या. एएमसीच्या सगळ्यात मोठ्या व्ही-एट इंजिनाची ताकद १९७१ मध्ये कागदावर ३३० हॉर्सपॉवर होती, १९७२ मध्ये २५५! यातला मोठा वाटा मोजायची पद्धत बदलल्याचा. आधी इंजिन गाडीबाहेर काढून, पंखा-सायलेन्सर न लावता मोजायचे. पण शोरूममध्ये उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हे कोण समजावणार?

१९७५ च्या मॉडेलपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. प्लॅटिनमसारखे महागडे धातू असलेला हा डबा धुराच्या वाटेत बसवायचा आणि तो विषारी वायू बऱ्यापैकी निरुपद्रवी करतो. पण शिशाचं पेट्रोल पडलं की डबा निकामी. म्हणून अमेरिकेत शिसंविरहित पेट्रोल आलं आणि चुकीचं पेट्रोल भरलं जाऊ नये म्हणून टाकीचं तोंडच बारीक केलं. (आपल्या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना हा डबा सक्तीचा झाला १९९५ मध्ये. वीस वर्षांनी.)

खरी मेख इथेच आहे. प्रत्येक प्रकारच्या इंजिनासाठी एक नमुना गाडी तब्बल ५० हजार मैल पळवून दाखवायची आणि तेवढ्या प्रवासानंतरही तिचा धूर नियमात बसला पाहिजे, अशी परीक्षा होती. पन्नास हजार मैल म्हणजे ८० हजार किलोमीटर. पुणे-मुंबई पाचशेहून जास्त वेळा. हा खर्च गाड्या एक लाख विका नाहीतर एक कोटी, तेवढाच. जनरल मोटर्स तो वर्षाला लाखो-लाखो गाड्यांवर वाटून टाकायची, गिऱ्हाइकाला पत्ताही लागायचा नाही. एएमसीच्या प्रत्येक गाडीवर मात्र त्याचा मोठा तुकडा यायचा. त्यातच बंपरचे नवे नियम आले, ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, मग मायलेजचे नियम आले.

आणि संशोधनाला पैसा नाही म्हटल्यावर काय करणार? शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणतो तसं एएमसीने प्रतिस्पर्ध्यांकडून सामान आणलं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जनरल मोटर्सचे, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स क्रायसलरचा, कार्ब्युरेटर फोर्डच्या घरचे. म्हणजे ज्यांच्याशी स्पर्धा, त्यांनाच दर गाडीमागे पैसे!

१९७८ च्या मे महिन्यात तर कहर झाला. सरकारच्या ईपीए या पर्यावरण खात्याने एएमसीच्या १९७६ मध्ये बनलेल्या जवळपास सगळ्या गाड्या परत बोलवायला लावल्या. सुमारे २ लाख ७० हजार कार आणि वर ४० हजार जीप आणि टपालगाड्या. कारण, प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणेतला एक दोष. खर्चाचा अंदाज ३० लाख डॉलरपर्यंत. मोठ्या कंपनीला हा चहापाण्याचा खर्च. एएमसीची आधीच्या तिमाहीची कमाई त्याहून कमी होती.

म्हणजे सरकार खलनायक? नाही बॉस, इतकं सोपं नाही. १९७७ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती करताना अमेरिकेच्या संसदेने एक गमतीशीर कलम घातलं. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा १९८१ पासून दर मैलाला १ ग्रॅम. पण ज्या कंपनीने १९७६ मध्ये जगभरात मिळून ३ लाखांपेक्षा कमी गाड्या बनवल्या आणि जिचं तंत्रज्ञान दुसऱ्या अमेरिकन कंपन्यांवर अवलंबून आहे, तिला दोन वर्षं २ ग्रॅम चालतील. कंपनीचं नाव कुठेही नाही, पण वर्णन वाचून एका कंपनीशिवाय दुसरं कुणी डोळ्यांसमोर येत नाही! पुढे कॅलिफोर्नियाला स्वतःचे कडक नियम लावायची परवानगी मिळाली, तेव्हा एएमसी या दोन वर्षांसाठी कोर्टात गेली आणि १९७९ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टात जिंकली.

तरी माझं मत सांगू? मला एएमसीबद्दल प्रेम आहे, पण नियमाबद्दल तक्रार नाही. कारण तेव्हाच जपानची एक छोटी कंपनी वेगळ्याच वाटेने गेली. होंडाने सीव्हीसीसी नावाचं इंजिन बनवलं, ज्यात ठिणगी आधी एका छोट्या कप्प्यात पडते आणि तिथून ज्योत मोठ्या सिलिंडरमध्ये शिरते. १९७५ च्या सिव्हिकने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर न लावता परीक्षा पास केली. होंडाही तेव्हा कार बनवणाऱ्यांत लिंबूटिंबूच होती. फरक एवढाच, की तिने पैसे इंजिनावर लावले.

एएमसीने कशावर लावले? तर, वाचा आणि गार व्हा, कपड्यांवर! नवीन इंजिन परवडत नाही ना, मग सीटचं कापड बदलू. १९७२ मध्ये आली गुच्चीची हॉर्नेट. होय, तीच बॅगवाली गुच्ची. स्टेशन वॅगनच्या आत हिरवे-लाल पट्टे. मग पिएर कार्डिनची जॅव्हलिन आणि ओलेग कॅसिनीची मॅटाडोर. आणि सगळ्यात कूल म्हणजे १९७३ ची लिव्हाइस ग्रेमलिन. सीटवर तांब्याची बटणं, शिवणीचा नारिंगी दोरा, जीन्सवर असतं तसं लिव्हाइसचं लेबल. फक्त डेनिम खरं नव्हतं. खरं डेनिम आगीच्या नियमात बसेना, म्हणून डेनिमसारखं दिसणारं नायलॉन लावलं. इथेही नियमच आडवा आला! पण पब्लिकला आवडलं. ग्रेमलिन १९७८ पर्यंत चालली आणि साडेसहा लाखांहून जास्त विकली गेली. उरलेली गाडी कुठे ठेवलीस म्हणून हसणाऱ्यांनीच घेतल्या असणार.

मग आली 'पेसर'. फेब्रुवारी १९७५. टीगसाहेबांचंच अपत्य. छोटी पण रुंद. वरचा भाग इतका काचेचा, की लोकांनी तिला माशांचं भांडं म्हटलं. गाडीच्या एकूण पृष्ठभागापैकी ३७ टक्के काच होती! उजवीकडचा दरवाजा डावीकडच्यापेक्षा ४ इंच मोठा, कारण अमेरिकेत फुटपाथ उजवीकडे असतो आणि मागे बसणाऱ्याला त्याच बाजूने सोपं पडावं. किती साधा विचार, पण आजवर कुणी केला होता?

पेसरची शोकांतिका इंजिनाची. ती जनरल मोटर्सच्या नव्या वांकेल इंजिनासाठी आखली होती. वांकेल म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणारं छोटंसं, हलकं इंजिन. १९७४ मध्ये जनरल मोटर्सने ते गुंडाळून ठेवलं, कारण पेट्रोल फार पिणारं आणि धुराच्या परीक्षेत अवघड. मोठ्या कंपनीचा एक प्रोजेक्ट बंद झाला, इतकंच. पण इकडे लग्नाचा हॉल बुक झालेला आणि नवरदेव गायब! एएमसीने घरचं जुनं, लांबलचक सहा सिलिंडरचं इंजिन आणलं आणि त्या छोट्याशा नाकात कोंबलं. मागचे सिलिंडर काचेखाली गेले. गाडी झाली जवळपास १,३६० किलोची, ताकद शंभर हॉर्सपॉवरच्या आसपास. छोटी गाडी घेऊन मोठ्या गाडीचं पेट्रोल. पहिल्या वर्षी नवलाईने १ लाख ४५ हजारांवर खपल्या, मग उतार लागला. डिसेंबर १९७९ मध्ये खेळ खल्लास.

आता खरी भन्नाट गोष्ट. पैसे संपलेले, डिझाइन जुनं झालेलं, नवीन इंजिन शून्य. हातात काय होतं? १९७० मध्ये विकत घेतलेली जीप कंपनी. (हीच ती विलिसची जीप, जी महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जोडायला घेतली होती.) कंपनीचे इंजिनिअर रॉय लन, ज्यांनी आधी फोर्डच्या रेस जिंकणाऱ्या जीटी-४० वर काम केलं होतं, त्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. हॉर्नेटचीच सुधारलेली बॉडी घेतली, ती ३ इंच वर उचलली आणि खाली चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा बसवली. १९८० चं मॉडेल, नाव 'ईगल'. आत बसल्यावर साधी फॅमिली कार, बर्फात-चिखलात चालवली की जीप. पहिल्या वर्षी ४६ हजारांच्या आसपास बनल्या. मोठ्यांच्या हिशेबात ती संख्या म्हणजे किरकोळ.

तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन बघा. कारसारखी, पण जरा उंच, खड्ड्यातून न घासता जाणारी, ज्यांना डीलर 'क्रॉसओव्हर' म्हणतात आणि आपण कौतुकाने 'एसयूव्ही' म्हणतो, अशा किती उभ्या आहेत ते मोजा. ईगल त्यांची आजी. आणि ती जन्मली कशातून, तर नवी गाडी बनवायला पैसे नव्हते म्हणून.

पुढचं झटपट सांगते, कारण ते सांगायला मला आवडत नाही. आधी फ्रान्सच्या रेनॉने पैसे घातले. मग १९८७ मध्ये क्रायसलरने कंपनी विकत घेतली. त्यांचा डोळा होता जीपवर. त्याच डिसेंबरात शेवटची ईगल बाहेर पडली. जानेवारी १९८८ मध्ये केनोशात गाड्या बनवणं बंद करण्याची घोषणा झाली आणि वर्षाअखेरीस ५,५०० लोकांची नोकरी गेली. त्यांच्यापैकी कुणी ना हवा खराब करायची ठरवली होती, ना वांकेल रद्द केलं होतं. तिथला इंजिनाचा कारखाना मात्र टिकला. एएमसीच्या अभियंत्यांनी घडवलेलं सहा सिलिंडरचं चार लिटरचं इंजिन तिथून २००६ पर्यंत जीपसाठी निघत होतं. २०१० मध्ये तोही बंद पडला. आणि जीपची कंपास २०१७ पासून आपल्या पुण्याजवळ, रांजणगावात बनायला लागली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेतली आजची नवी गाडी साठच्या दशकातल्या गाडीपेक्षा ९८-९९ टक्के कमी विष सोडते, असं ईपीए सांगते. लॉस एंजेलिसमध्ये स्मॉग आजही आहे, पण सत्तरच्या दशकातला तो डोळे सुजवणारा पडदा राहिला नाही. आपल्याकडे एप्रिल २०२० मध्ये बीएस-फोरवरून थेट बीएस-सिक्सवर उडी मारली, तेव्हा मारुतीसारख्या नंबर वन कंपनीनेही छोटी डिझेल इंजिनं बनवणं सोडून दिलं. हिशेब बसत नव्हता म्हणून. नंबर वन सोडून देऊ शकते, कारण तिच्याकडे बाकीचं असतं.

एएमसीच्या गाड्यांना नशीबही कसं, बघा. पिक्सारच्या 'कार्स २' मध्ये (२०११) ग्रेमलिन आणि पेसर या चक्क व्हिलनच्या गँगमध्ये आहेत. 'वेन्स वर्ल्ड' मध्ये (१९९२) निळ्या पेसरवर आगीच्या ज्वाळा रंगवून तिची धमाल उडवलीय. आणि बाँड! 'द मॅन विथ द गोल्डन गन' (१९७४) मध्ये रॉजर मूर शोरूममधून हॉर्नेट पळवतो, थायलंडमधल्या एका मोडक्या पुलावरून उडवतो आणि गाडी हवेत स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेऊन पलीकडे चार चाकांवर उतरते. ट्रिक फोटोग्राफी नाही. आधी कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीच्या कॉम्प्युटरवर आकडेमोड झाली होती. वजन बरोबर मध्यात राहावं म्हणून स्टिअरिंग गाडीच्या मधोमध बसवलं होतं. स्टंटमनने एका टेकमध्ये काम फत्ते केलं. बाँडपटांतल्या सगळ्यात अवघड उड्यांपैकी एक, तीही अशा कंपनीच्या साध्या फॅमिली गाडीने, जी तेव्हा थायलंडमध्ये विकलीही जात नव्हती.

आणि त्या उडीवर बॅकग्राउंडला काय वाजवलंय? जत्रेतल्या खेळण्यासारखी सुईईईक करणारी शिट्टी. या वीकेंडला बघा. म्यूट करून.